दोघींची ड्यूटी

सॉल्ट लेक सिटीतल्या टेंपल स्क्वेअरवर आलेला माणूस आधी इमारतींबद्दल विचारतो. मनोरे किती, दगड कुठून आणला, आत जाता येतं का. मग जरा भीड चेपली की आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "तुमच्यात अजून चार-चार लग्नं करतात का हो?" हा प्रश्न मला टेक्ससच्या माणसानं विचारला, जर्मनीच्यानं विचारला, कोरियाच्यानं विचारला, आणि नाशिकच्या एका निवृत्त तहसीलदारांनी तर चक्क मराठीत विचारला. उत्तर एकच. होती ती प्रथा. आमच्या पहिल्या दोन्ही धर्मप्रमुखांना अनेक बायका होत्या. १८९० मध्ये चर्चनं ती बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि आज कोणी तसं लग्न केलं तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. तहसीलदारांनी मान डोलावली. "म्हणजे फेरफार नोंदवून झालाय म्हणा की," म्हणाले. मी हो म्हटलं.

मी पुण्याची. २०१७-१८ मध्ये दीड वर्ष मी अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत मिशनरी होते. लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. चर्चचं खरं नाव बरंच लांब आहे, येशू ख्रिस्ताचं अखेरच्या दिवसांतील संतांचं चर्च. आमच्यात मुलगे अठराव्या वर्षानंतर दोन वर्षांसाठी मिशनला जातात. मुलींना मी गेले तेव्हा एकोणीस पूर्ण लागायची आणि मुदत दीड वर्षाची. २०१२ पर्यंत मुलींसाठी ही अट एकवीसची होती. ती खाली आली आणि जगभर मुलींच्या अर्जांचा पूर लोटला. त्या पुराच्या शेपटाकडच्यांपैकी मी एक.

पगार नसतो. उलट घरच्यांनीच महिन्याला पैसे भरायचे. अमेरिकन कुटुंबं तेव्हा ४०० डॉलर भरत. आमच्यासारख्यांनी झेपेल तेवढे द्यायचे, उरलेलं चर्चचा फंड बघतो. कुठं जायचं हे आपण ठरवायचं नाही. अर्ज करायचा, डॉक्टरची आणि दातांच्या डॉक्टरची सर्टिफिकेटं जोडायची आणि वाट बघायची. पत्र आलं की घरात माणसं जमवून सगळ्यांसमोर उघडायचं. माझ्या पत्रात टेंपल स्क्वेअर निघालं तेव्हा आमच्या छोट्याशा शाखेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण जगभरच्या मॉर्मन लोकांचं ते मुख्य ठिकाण. आजी मात्र गप्प बसून होती.

आजी नगरची. तिचं घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या हातून ख्रिस्ती झालेलं. त्या मिशनची पहिली माणसं १८१३ मध्ये मुंबईला पोचली, १८३१ मध्ये त्यांनी नगरला बस्तान बसवलं. आई-बाबा मॉर्मन झाले ते तिला कधीच पटलं नाही. "एकदा पडलंय की पाणी डोक्यावर, परत बुडी कशाला मारायची?" असं ती पाहुण्यांसमोरही म्हणायची. त्या दिवशी सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "दोनशे वर्षांपूर्वी ते आले आपल्याला शिकवायला. आता तू निघालीस त्यांना शिकवायला. जा, फेडून ये एकदाचं."

मी तिला ह्यू फिंडलेची गोष्ट सांगितली. हा स्कॉटिश मॉर्मन १८५२ मध्ये मुंबईत उतरला. वर्तमानपत्रांनी झोडलं, पाद्र्यांनी दारं बंद केली, तेव्हा तो पुण्याला आला आणि लष्कराच्या आसपास मूठभर माणसं गोळा करून त्यानं शाखाही काढली. काही वर्षांत तो परत गेला आणि मागं काहीच उरलं नाही. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. "पुण्यात कोणाचं काही टिकत नाही," एवढंच बोलली. नगरकरांचं पुण्याबद्दलचं मत आहे हे. धर्माशी त्याचा संबंध नाही.

आधी प्रोव्हो गावातल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये साधारण तीन आठवडे. पहिल्या दिवशी छातीवरच्या काळ्या पाटीला एक नारिंगी ठिपका चिकटवतात, म्हणजे ही नवीन आहे हे सगळ्यांना कळावं आणि कोणीतरी रस्ता दाखवावा. तिथं पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. जेवणाच्या रांगेत सहा फुटी पोरं ट्रे हातात धरून फिनिश आणि थाईत अडखळत असतात. मला भाषा शिकायची नव्हती, इंग्रजी होतंच, त्यामुळं माझे दिवस सराव करण्यात गेले. एक शिक्षिका खोटी खोटी पाहुणी व्हायची. ती सोफ्यावर बसून सांगायची की माझा नवरा वारला आणि देवावर माझा विश्वास नाही, आणि आम्ही दोघींनी तिच्याशी बोलायचं. नाटक आहे हे माहीत असूनही मला रडू यायचं. तीन आठवड्यांत धर्मशास्त्र थोडंच झालं. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, याचीच घोटून तयारी झाली. आमच्या घरात सगळेच एका वेळी बोलतात; मला ते जड गेलं.

टेंपल स्क्वेअरच्या मिशनमध्ये तेव्हा फक्त मुली असत, आणि त्या जगभरातून येत. पाटीवर नाव, चर्चचं नाव आणि शेजारी आपल्या देशाचा झेंडा. काम दिसायला सोपं. मोठ्या ध्वजस्तंभाजवळ उभं राहायचं, पाहुणे जमले की दोघींनी मिळून त्यांना आवार दाखवायचं. टॅबरनॅकल, असेंब्ली हॉल, सीगल पक्ष्यांचं स्मारक, ख्रिस्ताचा पांढरा पुतळा. तीसहून जास्त भाषांत ही टूर मिळायची, कारण कोणी ना कोणी ती भाषा बोलणारी असायचीच. हिंदी टूर मी द्यायचे. मराठी टूर अशी काही यादीत नव्हती, पण झाल्या.

मधलं मोठं देऊळ बाहेरूनच दाखवायचं. चर्चच्या सदस्यांशिवाय कोणाला आत प्रवेश नाही, आणि सदस्यांनाही अटी असतात. भारतातून आलेल्या पाहुण्याला याचं फार आश्चर्य वाटत नसे. अमेरिकन माणसाला वाटायचं. त्यांच्यासाठी एका केंद्रात देवळाची उभी कापलेली प्रतिकृती ठेवलेली होती, आतल्या खोल्या, झुंबरं, खुर्च्या सगळं दिसेल अशी. १८५३ मध्ये पाया खणला आणि १८९३ मध्ये बांधकाम पुरं झालं, म्हणजे चाळीस वर्षं. ग्रॅनाइट वीसेक मैलांवरच्या दरीतून यायचा, आधी बैलगाड्यांनी आणि नंतर रेल्वेनं. खालच्या भिंती नऊ फूट जाड आहेत. मधेच १८५८ मध्ये अमेरिकन सरकारचं सैन्य चालून येतंय म्हटल्यावर लोकांनी पाया मातीनं बुजवला आणि वर नांगरल्यासारखं शेत दाखवलं. ही गोष्ट सांगताना मराठी पाहुणे खूश व्हायचे. गनिमी काव्याची आवड आपल्या रक्तातच आहे.

मला स्वतःला टॅबरनॅकल जास्त आवडायचं. १८६७ चं, कासवाच्या पाठीसारख्या छताचं सभागृह. आत ११,६२३ नळ्यांचा ऑर्गन. इथं टाचणी पाडण्याचा प्रयोग असतो. एक सिस्टर, म्हणजे आमच्यातली एक मिशनरी मुलगी, व्यासपीठावर उभी राहते, दुसरी पाहुण्यांना घेऊन पार मागच्या बाकांवर बसते, मध्ये दीडशे फुटांहून जास्त अंतर. आधी वर्तमानपत्र फाडायचं, मग टाचणी पाडायची, मग खिळा. पुढची सिस्टर माइक वापरत नाही. हाताचा कोपर लाकडावर टेकवायचा, टाचणी दोन बोटांत धरायची, तिच्याकडं बघायचं नाही, पाहुण्यांकडं बघायचं आणि सोडायची. आवाज अगदी बारीक पण स्वच्छ येतो. लहान मुलं लगेच "परत, परत" म्हणतात. माझ्या बोटांत थंडीत ताकद नसायची आणि टाचणी कधी कधी नको तेव्हाच सुटायची. मागं बसलेल्यांना मग टाचणीचं काहीच ऐकू गेलेलं नसे. पण माणसं दिलदार असतात, ऐकू न येताही मान हलवतात.

आता या सगळ्यापेक्षा मोठं काम कोणतं होतं ते सांगते. मिशनचा पहिला नियम असा की तू कधीही एकटी नसशील. तुला एक कम्पॅनियन मिळेल. दोघींनी एका खोलीत झोपायचं, एकत्र बाहेर पडायचं, एकमेकींच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं. बाथरूम तेवढी सुटलेली. ती कोण हे मिशन प्रेसिडेंट ठरवतात, आणि दर सहा आठवड्यांनी ट्रान्स्फरचा दिवस येतो तेव्हा बदलू शकतात. ठरवून केलेल्या लग्नासारखंच ते, फक्त सहा आठवड्यांचं आणि सासूशिवाय.

पहाटे साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ-न्याहारी, मग एकटीनं वाचन आणि दोघींनी मिळून अभ्यास. बाहेर पडायची वेळ ठरलेली, परत यायची ठरलेली, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, कादंबऱ्या नाहीत, गाणी फक्त चर्चच्या चौकटीतली. आठवड्यातून एक तयारीचा दिवस, त्यात कपडे धुणं, किराणा आणि घरी ई-मेल. फोन वर्षातून फक्त दोनदा, नाताळला आणि मे महिन्यातल्या मदर्स डेला. आई फोनवर रडली ती नाताळात, मदर्स डेला नाही. तो दिवस तिला माहीतच नव्हता. चहा-कॉफी तर आमच्यात आधीपासूनच वर्ज्य, त्याचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो शांततेचा. घराच्या खाली रिक्षा नाही, शेजारच्यांचा कुकर नाही, देवळातली घंटा नाही.

माझ्या कम्पॅनियन म्हणजे टोंगाची, आयडाहोची, फिलिपिन्सची, मंगोलियाची. मंगोलियाच्या मुलीबरोबर मी सगळ्यांत जास्त राहिले. ती उलानबाटरची, उंच, कमी बोलणारी, आणि थंडीचं तिला काही म्हणजे काही वाटत नसे.

आठवड्याच्या नियोजनाला एक शेपूट असतं. दोघींनी समोरासमोर बसायचं आणि आपल्या कामात काय चांगलं चाललंय, काय खटकतंय ते एकमेकींना सांगायचं. गप्प बसायचं नाही आणि भांडायचंही नाही. याला आम्ही इन्व्हेंटरी म्हणायचो. पहिल्यांदा आयडाहोच्या मुलीसमोर बसले तेव्हा ती अगदी गोड हसून म्हणाली की मला तुझ्यातल्या तीन गोष्टी फार आवडतात. मग त्या तिन्ही सांगितल्या. मी वाट बघत राहिले की आता मुद्द्यावर येईल. ती आलीच नाही. दोन आठवड्यांनी कळलं की तिला मी नको होते. मंगोलियाच्या मुलीचं तसं नव्हतं. तिनं पहिल्याच बैठकीत वहीत बघून सांगितलं, "तू फोडणी करतेस तेव्हा धुराचा अलार्म वाजतो. आणि तू झोपेत बोलतेस." मी म्हटलं, "तू जानेवारीत खिडकी उघडी ठेवतेस." तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग तोडगा निघाला. फोडणीच्या वेळी खिडकी उघडायची, झोपताना लावायची. झोपेत बोलण्याला इलाज नव्हता. काय बोलते विचारलं तर म्हणाली, "तुझ्या भाषेत कोणाला तरी ओरडत असतेस."

माणसाबरोबर राहायचं म्हणजे काय, हे मी त्या खोलीत शिकले. टूर देताना नाही. बाहेर पाहुण्यांशी वीस मिनिटं चांगलं वागणं कोणालाही जमतं. रात्री थकून आल्यावर दुसरीचं मोजे वाळत घालणं सोसायचं, तिला ताप आला की आपणही दिवसभर घरी बसायचं, तिला आईची आठवण येतेय हे ओळखून विषय न काढणं, हे काम. घरी परत गेलेल्या मिशनरी मुली किती माणसांचा बाप्तिस्मा झाला ते सांगतात. आमच्या मिशनमध्ये तेही सांगता यायचं नाही. पाहुण्यानं रस दाखवला, तर त्याचा पत्ता लिहून घ्यायचा आणि तो ज्या गावचा असेल तिथल्या मिशनऱ्यांकडं पाठवायचा. पुढं काय झालं ते बहुधा कळत नसे. कधी संगणकावर बसून चॅटवरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचो. पलीकडं कोणी चर्चची माहिती विचारी, कोणी शिव्या घाली, आणि बरेच जण नुसतेच बोलायला आलेले असत. नंतर खिडकी बंद व्हायची आणि माणूस संपायचा.

उन्हाळ्यात पाहुण्यांत भारतीय फार. यलोस्टोन बघून लास व्हेगसकडं निघालेल्या बसेस मध्ये सॉल्ट लेकला तासभर थांबतात. माझ्या पाटीवरचा झेंडा आधी पोरांना दिसायचा. "आजी, तिरंगा!" मग सगळा ग्रुप वळायचा. मी मराठीत बोलले की पहिली पाच मिनिटं पत्त्यांत जायची. पुण्यात कुठं, कोथरूडात कुठं, अमक्यांना ओळखतेस का. मग चौकशी सुरू.

"पगार किती देतात?" एका काकूंनी विचारलं.

"पगार नाही काकू."

"मग राहायचं, खायचं?"

"घरचे भरतात थोडं."

"म्हणजे पैसे भरून काम करतेस?" त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "अहो, ऐकलंत का? आपला पराग अमेरिकेत शिकायला पैसे भरतो, ही काम करायला भरते."

माझी मंगोलियन कम्पॅनियन शेजारी उभी, तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाजाच्या टप्प्यात राहायचा नियम असल्यानं ती हसतमुखानं सगळं ऐकत होती. काकूंनी तिलाही सोडलं नाही. हिचं नाव काय, ही चिनी का, हिला भात चालतो का. निघताना पिशवीतून भाकरवडीचा पुडा काढून माझ्या हातात कोंबला. त्या ग्रुपमधल्या एकालाही चर्चमध्ये रस नव्हता, आणि मीही पत्ते लिहून घेतले नाहीत. रात्री आम्ही दोघींनी पुडा संपवला. मंगोलियाच्या मुलीला तिखट झेपत नव्हतं. तरी शेवटची भाकरवडी तिनंच खाल्ली.

सगळेच प्रश्न असे हलके नसत. अटलांटाहून आलेल्या एका वयस्कर काळ्या बाईंनी पूर्ण टूर शांतपणे ऐकली आणि शेवटी विचारलं, "माझ्यासारख्यांना तुमच्याकडं कधीपासून जागा आहे?" जून १९७८ पर्यंत आमच्या चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळत नव्हतं आणि त्या कुटुंबांना देवळातले विधी करता येत नव्हते. मी वर्ष सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तेव्हा पस्तिशीत होते." या बंदीच्या समर्थनार्थ पूर्वी जी कारणं दिली जात ती चर्चनं २०१३ मध्ये लेखी नाकारली आहेत, तेही सांगितलं. पण पस्तिशीच्या बाईला त्याचा काय उपयोग, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोपटला आणि गेल्या. त्या प्रश्नाला अजून नीट उत्तर माझ्याकडं नाही, आणि ते असल्यासारखं वागणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये चर्चची मोठी परिषद भरते. रस्त्यापलीकडच्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये २१,००० माणसं बसतात. बाहेर फुटपाथवर दुसऱ्या पंथाचे लोक कर्णे घेऊन उभे असतात आणि आम्हाला नरकाचा रस्ता दाखवतात. आम्ही फक्त हसून पुढं जायचं, वाद नाही. टोंगाची सिस्टर एकदा त्यांच्यातल्या एकाला पाण्याची बाटली देऊन आली. त्यानं कर्णा खाली ठेवला, पाणी प्यायला आणि परत चालू झाला. १ एप्रिल २०१८ ला, ईस्टरच्या रविवारी, चर्चचे नवे प्रमुख रसेल नेल्सन शेवटच्या सत्रात नवीन देवळांची नावं वाचत होते. त्यात बंगळुरू आलं. भारतातलं पहिलं. पडद्यासमोर बसलेल्या मुलींनी एकदम माझ्याकडं वळून बघितलं आणि मंगोलियाच्या मुलीनं मला इतकं घट्ट धरलं की पाटीची पिन टोचली. पुण्याहून बंगळुरू रेल्वेनं जवळजवळ दिवसभराचा प्रवास आहे, तरी त्या क्षणी आपल्या गल्लीत देऊळ होतंय असं वाटलं.

टेंपल स्क्वेअरच्या मुलींना तेव्हा काही महिने दुसऱ्या मिशनमध्येही पाठवत, म्हणजे दारोदार फिरण्याचाही अनुभव मिळावा. मला फ्रेस्नो मिळालं. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातलं हे गाव, बदामाचं आणि बेदाण्याचं. उन्हाळा संपता संपता शेतात द्राक्षं वेलींच्या रांगांमध्ये जमिनीवर कागद अंथरून वाळत घालतात, आणि सगळ्या हवेला गोडसर वास येतो. ऊन चाळीसच्या वर. तिथं दार वाजवलं की साधारण काय होतं ते मी सांगू शकते. बहुतेक दारं उघडतच नाहीत. उघडलेल्यांतली बरीचशी सभ्यपणे बंद होतात. मग एखादं दार पूर्ण उघडतं आणि आत बोलावतात, आणि ते दार पंजाब्याचं निघतं. फ्रेस्नोच्या आसपास शिखांची वस्ती मोठी आहे. एका बीजींनी आम्हाला बघितलं, माझ्या पाटीवरचा झेंडा बघितला आणि "कुडी, धूप में क्या कर रही है?" म्हणत आत ओढलं. आलू पराठे, लोणी, लस्सी. चहाला मी नाही म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं मी लाजतेय. शेवटी त्यांनीच आम्हाला वाहेगुरूबद्दल अर्धा तास सांगितलं. माझी तिथली नवी कम्पॅनियन वही काढून लिहून घेत होती. आम्ही त्यांच्या घरी परत परत गेलो. चर्चच्या दृष्टीनं त्या भेटींचं फळ शून्य होतं, पण बीजींच्या हातच्या पराठ्यांनी आम्ही दोघींनी तो ऑगस्ट काढला.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. माझी एक कम्पॅनियन मुदतीच्या आधी घरी गेली. रात्र रात्र झोप नाही, सकाळी श्वास लागायचा, टूर देताना हात थरथरायचे. डॉक्टरनं घरी पाठवायला सांगितलं. तिला चिंता होती ती आजाराची नव्हती. मध्येच परत आलेल्या मुलीकडं गावातले लोक कसं बघतात याची होती. ती बॅग भरत असताना मला म्हणाली, "मी लवकर परत गेले असं कोणाला सांगू नकोस." कोणाला सांगणार? तिच्या गावातली मी कोणालाच ओळखत नव्हते. पण तिथल्या लोकांना माझी गरजच पडली नाही. आज ती नर्स आहे आणि ठणठणीत आहे. मात्र अजूनही कोणी मिशनबद्दल विचारलं की ती आधी किती महिने ते सांगते. पूर्ण केलेल्यांना कोणी हे विचारत नाही.

मी २०१८ च्या अखेरीस परतले आणि माझ्यामागं नियम बदलू लागले. डिसेंबरमध्ये मिशनरी मुलींना पँट घालायला परवानगी मिळाली; मी अख्खा हिवाळा स्कर्टमध्ये काढलेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आठवड्याला घरी फोन करायची मुभा आली. आईनं ती बातमी वाचून दाखवली आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू नियम मीच उशिरा पाठवलाय. २०१९ च्या शेवटी मोठं देऊळ दुरुस्तीसाठी बंद झालं. ज्या केंद्रांमध्ये मी पाहुणे फिरवले ती दोन्ही पाडली गेली. मार्च २०२० मध्ये भूकंप झाला आणि शिखरावरच्या सोनेरी देवदूताच्या हातातली तुतारी खाली पडली. तिकडच्या मैत्रिणींनी फोटो पाठवले.

घरी आल्यावर पहिले काही दिवस मजेशीर होते. आई म्हणाली, कोथिंबीर घेऊन ये. मी चपला घातल्या आणि दारात उभी राहिले, दुसरी कधी येतेय याची वाट बघत. दुसरी कोणी नव्हती. रस्त्यावर एकटं चालताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. आजी खिडकीतून बघत होती. संध्याकाळी तिनं विचारलं, "मग, फेडलंस?" मी म्हटलं, "हिशोब नीट लागला नाही." तिला ते उत्तर आवडलं असावं, कारण पुढच्या रविवारी ती पहिल्यांदा आमच्या चर्चमध्ये आली, मागच्या बाकावर बसली आणि निघताना प्रवचन लांबलं अशी तक्रार केली.

मी आता एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात आहे. अधूनमधून आमच्या शाखेतली एखादी मुलगी मिशनचा अर्ज भरायच्या आधी माझ्याकडं येते. तिच्या आईला सुरक्षिततेची काळजी असते, वडिलांना पैशाची, आणि मुलीला आपण धर्माचं नीट बोलू शकू का याची. बोलायचं तिकडं शिकवतात, म्हणून त्याचं मी काही सांगत नाही. मी विचारते, घरात भावंडांबरोबर एका खोलीत झोपतेस का? झोपत असेल तर अर्धं काम झालंय. नसेल तर जायच्या आधी दोन-तीन महिने कोणाच्या तरी घरी राहा, आणि तिथल्या माणसांना तुझं काय खटकतं ते विचार. बूट मात्र इथून नेऊ नकोस. पुण्यातले बूट युटाच्या बर्फात पंधरा दिवस टिकत नाहीत, आणि मिशनचे सहा आठवडे ओल्या मोज्यांत काढलेस तर कम्पॅनियन कितीही चांगली मिळो, तुला ती आवडणार नाही.